जन्म उमरावती, मृत्यू अकोला

आजोबांच्या थोरल्या भावाची आठवण आमच्या घरात एका वाक्यात संपायची. "मोठ्या दुकायात झाला अन् मानमोडीत गेला," एवढं बोलून आजी पुन्हा ज्वारी पाखडायला लागायची. फोटो नाही, पत्र नाही. लग्नच झालं नव्हतं, त्यामुळं रडणारी बायको नाही आणि वंशावळीत फांदीही नाही.

तो पुन्हा सापडला तो पुतणीच्या जातपडताळणीमुळं. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो, आणि तो जितका जुना तितका बरा. आमच्याकडं असा पुरावा म्हणजे कोतवाल बुक. गावात कोणी जन्मलं, कोणी गेलं की त्यात एक ओळ पडायची. जुन्या ओळी मोडी लिपीत, म्हणून जाणकार गाठावा लागतो. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागल्यापासून तर या जाणकारांना दम घ्यायला वेळ नाही.

आमच्या मोडीवाल्या काकांनी बोट ठेवलं तिथं साल १९००, बापाचं नाव, जात कुणबी आणि पुढं नुसतं 'मुलगा'. नाव नाहीच. "बारशाच्या आंधीच नोंद होये जी, नाव कुठून येईन?" काका म्हणाले. त्या सालात लेकरू जगेल की नाही, याचाच भरवसा नव्हता. १८९९चा पाऊस गेला होता, पाठोपाठ पटकी. १८९१ साली वऱ्हाडात एकोणतीस लाखांच्या आसपास माणसं होती, ती १९०१च्या शिरगणतीत साडेसत्तावीस लाखांवर आली. वाढायची सोडून घटली. आमचं पोरगं मात्र तगलं.

या पानाच्या माथ्यावर जिल्हा उमरावती, आणि मृत्यूच्या पानावर अकोला. घर सोडून तो कुठं गेला असेल, असं वाटावं. गेला कुठंच नव्हता. १९०५ साली वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार केले, तेव्हा आमचा मूर्तिजापूर तालुका उमरावतीतून काढून अकोल्याला जोडला. घर तेच, विहिरीचं खारं पाणी तेच, फक्त साहेब बदलला. पाच वर्षांच्या पोराला त्याचं काय!

मधल्या वर्षांचा कागद नाही. तरी मूर्तिजापूरहून अचलपूरकडं शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ पडले ते त्याच्या डोळ्यांदेखत. बंडीत कापूस भरून बापासोबत जिनात गेला असेल, भाव ऐकून बापाचं तोंड उतरलेलं किंवा फुललेलं पाहिलं असेल. हे सगळं माझं धरून चालणं आहे, पण वऱ्हाडातल्या कुणब्याच्या पोराबद्दल एवढं धरायला हरकत नसावी.

मग १९१८चा ऑक्टोबर. एरवी महिन्याच्या मयतांना अर्धं पान पुरतं. या महिन्याची पानं उलटतच राहावी लागतात. मध्येच अक्षरही बदललंय. पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महाग, आणि वेचणीच्या तोंडावर मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला तिचा फटका फार मोठा बसला. देशभरात सव्वा कोटीच्या आसपास माणसं गेल्याचा १९२१च्या जनगणनेचा अंदाज आहे. त्यातही म्हातारी कमी आणि वीस-तीस-चाळिशीतली हातीपायी धड माणसं जास्त.

पुस्तकात मात्र मानमोडी नाही. पटकी, देवी, ताप, हगवण असे ठरीव रकाने. नव्या रोगाला जागा नव्हती. म्हणून पानभर ताप, ताप, ताप. त्याच रांगेत आमचा. वय १८. आणि इथं पहिल्यांदा त्याचं नाव.

त्याच्या जन्माच्या ओळीवर पुतणीचं प्रमाणपत्र झालं, मग चुलतभावाच्या मुलाचं, मग भावकीत ज्याला लागेल त्याचं. आता आमच्या प्रत्येक घरी त्या पानाची नक्कल प्लास्टिकच्या पाकिटात आहे. प्रतिज्ञापत्रातल्या वंशावळीत त्याला चौकट मिळाली: 'अविवाहित मयत'. ज्याला पोरंबाळं नाहीत, त्याच्यावर आमची पोरं कॉलेजात जाताहेत.

मृत्यूच्या पानाची नक्कल कोणीच मागितली नव्हती. पडताळणीला ती लागत नाही. मी अर्ज केला तेव्हा बाबूनं चष्मा वर सरकवला.

"हे कायले पाह्यजे जी? याच्यानं तं काहीच सिद्ध होत नाही."