कोकणातून येताना कोयती आणा!

कोकणात गेलं, की येताना आपण काय काय आणतो? काजूगर, कोकम, आंबापोळी, सावंतवाडीची लाकडी खेळणी... पिशवीत बोट घालायला जागा उरत नाही. मैत्रिणींनो, पुढच्या वेळी तीत एक कोयतीही बसवा. हसू नका हं! मुलं आताशा ट्रेकला, रानातल्या शिबिरांना जातात, ती मिटणारा चकचकीत चाकू खिशात टाकून. सफरचंद कापायला तो छानच. पण आंबोलीसारख्या ठिकाणी धो धो पावसात चूल पेटवायची तर?

लाकूड वरून चिंब झालं तरी फोडल्यावर गाभा बहुधा कोरडा निघतो. मनगटाएवढं वाळकं लाकूड उभं ठेवायचं, माथ्यावर पातं टेकवायचं आणि पात्याच्या पाठीवर दांडक्यानं ठोकायचं. मिटणाऱ्या चाकूचा सांधा हे ठोके सोसत नाही. एखादे वेळी पातं बोटांवरच मिटतं. शाळेच्या शिबिरात भिजलेल्या मुली भोवती कुडकुडत असल्या, की चुलीची किंमत कळते. आमची चूल त्या वेळी पेटली ती स्वयंपाकाच्या मावशींच्या कोयतीमुळे.

सिंधुदुर्गात फिरताना पाहा, शेतावर निघालेल्या माणसाच्या कमरेला लाकडी आकडी असते आणि तीत कोयता अडकवलेला. नारळ सोलणं, काटेरी जाळी तोडणं, सरपण फोडणं, सगळं त्या एकाच हत्यारानं. गावचा लोहार तो बरेचदा ट्रकच्या जुन्या पाट्यांपासून घडवतो. चाकांवरचे धक्के झेललेलं पोलाद ते, चिवट असणारच! तापवलेल्या पात्याची धारच तेवढी पाण्यात बुडवली, की धार कडक होते आणि पाठ चिवट राहते. सगळंच पातं कडक झालं तर ठोक्यानं तडकायचं.

बाजारात मी नेमकी धारच निरखत होते, तर म्हातारा लोहार म्हणाला, "गो बाये, पाता काय बघतंस? मूठ बघ!" आणि खरंच, सारी मेख तिथंच. पात्याचं शेपूट मुठीत जेमतेम दोन बोटं गेलेलं असेल, तर ती कोयती कितीही स्वस्त असो, परत ठेवा. लाकूड सुकून मूठ सैल झाली की पातं निसटतं, आणि समोर कुणाचं तरी मूल बसलेलं असतं. शेपूट मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं आणि आरपार खिळ्यांनी पक्कं केलेलं हवं.

आपल्या हाताला सात-आठ इंचांचं पातं पुरे. पाठ चार-पाच मिलिमीटर जाड असावी. टोक फार वाकडं नको. तो बाक फांदी ओढायला बरा, पण शिबिरात अडचणीचा. विकत घेण्याआधी ती दोन-चारदा हवेत फिरवून बघा. (दुकानदार हसेल, हसू दे.) मनगट ओढल्यासारखं झालं तर हलकी मागा.

घरी आणल्यावर कोरडी पुसून खोबरेलाचा हात फिरवा, नाहीतर पावसाळ्यात गंज ठरलेला. धार बोथटली तर पाणी घालून दगडावर घासायची. विजेच्या चाकावर पातं तापलं की कडकपणा गेलाच म्हणून समजा. प्रवासात धारेवर जाड गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधा. आणि विमानानं येणार असाल, तर ती हातातल्या पिशवीत ठेवू नका. आंबापोळी तिथं चालेल, कोयती चालायची नाही!