डी ड्राइव्ह कुठे गेली?

एकाच कम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना घरात फारशी सहानुभूती मिळत नाही. काहीही बिघडलं की खापर कुणावर फुटणार ते ठरलेलं. "तू ते लिनक्स टाकलंस ना, तेव्हापासून!" गेल्या शनिवारी हे वाक्य मला माझ्या आतेभावाने फोनवर ऐकवलं. उबुंटू टाकून चार तास झाले होते आणि विंडोजमधली डी ड्राइव्ह गायब.

डी म्हणजे मशीनमधली दुसरी डिस्क. १ टीबीची, जुनी, फिरणारी. विंडोज वेगळ्या एसएसडीवर. आणि उबुंटूसाठी त्याने त्याच दिवशी नवीकोरी एम.२ एसएसडी आणून मदरबोर्डवर बसवलेली. डीवर सिनेमे वगैरे नेहमीचा कचरा होताच, पण आतोबांची रेकॉर्डिंग्जही होती. आतोबा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्यांच्या वीसेक कॅसेट भावाने महिनाभर खपून कम्प्युटरवर उतरवल्या होत्या. पुढे कॅसेटना बुरशी लागली, त्या टाकून दिल्या. आतोबा आता नाहीत. "दुसरी कॉपी आहे का रे?" असं विचारलं, तर पलीकडे शांतता. (ही शांतता आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाच्या ओळखीची.)

रविवारी सकाळीच बाइकला किक मारली. मी पोचेपर्यंत साहेबांनी एक रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवून तयार ठेवलेलं! म्हटलं, आधी ते बंद कर. डिस्क सापडेपर्यंत कशावरही काहीही लिहायचं नाही. आणि विंडोजने "वापरण्याआधी फॉरमॅट करायचं का" असं विचारलं तर हात खिशात घालायचे. लिनक्सचं पार्टिशन विंडोजला आपलं आपण वाचता येत नाही, म्हणूनही ते असं विचारतं. आत सगळं ठणठणीत असू शकतं.

मला विचाराल तर अशा वेळी दोन सिस्टिम असणं हे वरदान आहे. एका डिस्कला दोन साक्षीदार! एकाला दिसते आणि दुसऱ्याला नाही, तर डिस्क जागेवर आहे, गडबड न बघणाऱ्याकडे. विंडोजला दिसत नसेल तर डिस्क मॅनेजमेंट उघडावं. बऱ्याचदा ती तिथे ऑफलाइन पडलेली असते, नाहीतर तिचं अक्षर उडालेलं असतं. लिनक्स कुरकुर करत असेल तर फास्ट स्टार्टअप बघावं. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आलेली ही सोय. ती चालू असेल तर शटडाउन म्हटलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, कर्नलची अवस्था डिस्कवर लिहून झोपी जातं. मग लिनक्सला ते पार्टिशन अर्धवट उघडं राहिलेलं दिसतं आणि ते फक्त वाचायला मिळतं, किंवा जोडलंच जात नाही. रीस्टार्टमध्ये हा घोळ नाही, तेव्हा ते खरोखर बंद होतं.

आमचे साक्षीदार मात्र एकाच सुरात बोलत होते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये दोन डिस्क. उबुंटूत एलएसबीएलके चालवलं, तिथेही त्याच दोन. म्हणजे भानगड दोघांच्याही खालच्या मजल्यावर. बायॉस उघडलं, तर पोर्ट ५ समोर चक्क रिकामं! उबुंटू निर्दोष सुटलं, पण भावाचा चेहरा आणखी पडला. मी डिस्कला कान लावला. फिरत होती, आवाजही नेहमीचा.

मग ते कुणीच वाचत नाही ते काढलं... मदरबोर्डचं मॅन्युअल. तक्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात टीप: दुसऱ्या एम.२ खाचेत काही बसवल्यास साटा पोर्ट ५ आणि ६ बंद राहतील. झालं! चिपसेटकडे डेटाच्या वाहिन्या मोजक्याच असतात, म्हणून बरेच बोर्ड एकच वाहिनी दोन जोडण्यांत वाटून देतात. वाड्यातल्या सामायिक नळासारखं, खाली कुणी तोटी सोडली की वरच्या मजल्याचं पाणी गेलं. नवी एसएसडी आणि उबुंटू एकाच दिवशी आले, म्हणून आळ उबुंटूवर.

मशीन बंद केलं, पिन काढली, केबल ५ मधून २ मध्ये. विंडोजमध्ये डी हजर, जुन्या अक्षरासकट.

बाकी काही करायच्या आधी रेकॉर्डिंग्जचं फोल्डर एका बाहेरच्या डिस्कवर आणि एक कॉपी माझ्या लॅपटॉपवर. फाइल धड उतरलीय का बघायला मधलीच एक लावली, 'कॅसेट १४ बाजू ब'. पखवाज सुरू झाला तशी आत्या हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. जरा वेळ ऐकून म्हणाली, "हे तुकारामबीजेचं. मागे खोकतोय ना, तो तुझा चुलता."

दुपारभर ती एकेक फाइल ऐकून सांगत होती आणि भाऊ नावं बदलत होता. आमटी तेवढी लागली.