दहा मार्च

वसतिगृह हा शब्द मराठीत तसा अलीकडचा आणि काहीसा कचेरीतला वाटतो. बिऱ्हाड, वाडा, पडवी या शब्दांना माणसांच्या वावराचा जो वास आहे तो त्याला नाही. विद्येसाठी घर सोडलेला मुलगा पूर्वी माधुकरी मागे, वार लावून जेवे, कुणाच्या तरी पडवीत निजे. पण हे सारे ज्याच्या जातीला शक्य होते त्यालाच शक्य होते. ज्याच्यासाठी गावात एकही पडवी मोकळी नव्हती त्याच्या दृष्टीने वसतिगृह ही सोय नव्हती, ते विद्येचे पहिले दार होते. म्हणूनच महाराष्ट्रात शिक्षणाचा इतिहास शाळांइतकाच वसतिगृहांचाही आहे.

१९०१ साली शाहू छत्रपतींच्या आश्रयाने कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. पुढे जातीजातींची वसतिगृहे उभी राहिली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांनाही आपले छप्पर मिळाले. त्याच १९०१ च्या डिसेंबरात, दूर बंगालमधील बीरभूमच्या तांबड्या मातीत, रवींद्रनाथांनी मोजक्या विद्यार्थ्यांनिशी ब्रह्मचर्याश्रम सुरू केला. कोल्हापुरात छप्परे वेगळी होती, कारण त्याशिवाय त्या काळी सर्वांना छप्पर मिळणे कठीण होते. शांतिनिकेतनात छप्पर एक होते, पण प्रारंभीच्या वर्षांत पंगतीत जातिभेद पाळला जात असे. निवाऱ्याचा प्रश्न अखेर ताटाशी येऊन थांबतो, हे दोन्ही ठिकाणी सारखेच दिसते.

ब्रह्मचर्याश्रमाचे १९२१ मध्ये विश्वभारती झाले आणि १९५१ मध्ये ते केंद्रीय विद्यापीठ ठरले. तरीही त्याची चण लहानच राहिली. घंटा झाली की सर्वांना ऐकू यावी, शिक्षकांना नावापुढे ‘दा’ किंवा ‘दी’ लावून हाक मारावी, रविवारी वर्ग भरावेत आणि बुधवारी सुटी असावी, असे ते आटोपशीर जग. १९८३ च्या जुलैत वर्धा जिल्ह्यातला एक विद्यार्थी तत्त्वज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गासाठी तेथे दाखल झाला. नागपूरहून हावडा, हावड्याहून बोलपूर आणि तेथून सायकलरिक्षा. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, आणि पेटीत तळाशी आईने बांधून दिलेला जवसाच्या चटणीचा पुडा. आई तालुक्याच्या गावी नगरपालिकेत झाडूवाली होती. तिची नोकरी काय, हे त्याला तेथे कुणी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

खोलीत चार खाटा होत्या. एकीवर बांकुड्याचा बंगाली, दुसरीवर इंफाळचा मणिपुरी, तिसरीवर पुरीजवळच्या एका ब्राह्मणी शासनगावचा ओडिया. पहिले काही दिवस चौघे इंग्रजीत बोलले, म्हणजे जवळजवळ बोललेच नाहीत. मग हळूहळू बंगाली आली. ती वर्गातून आली नाही. ती बादलीच्या रांगेतून, हरवलेल्या साबणातून, रात्री विझवायच्या दिव्यावरून झालेल्या वादातून आली. बंगाली माणूस पाणी ‘खातो’ हे ऐकून तो आधी हसला आणि सहा महिन्यांनी स्वतःच पाणी ‘खाऊ’ लागला. ‘आपनि’वरून ‘तुमि’वर आणि ‘तुमि’वरून ‘तुइ’वर ते केव्हा आले, हे कुणाच्या ध्यानात राहिले नाही. भाताने पोट भरते, पण जेवल्यासारखे वाटत नाही, ही ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या जिवाची तक्रारही थंडी सरेपर्यंत मावळली. खसखशीतले बटाटे तर त्याला आवडू लागले. जवसाची चटणी मात्र पहिल्याच महिन्यात संपली होती. निम्म्याहून अधिक त्या ओडिया मित्रानेच संपवली होती.

आणि मग १९८४ चा दहा मार्च आला.

त्या तारखेमागे एक कथा आहे. दक्षिण आफ्रिकेतील फिनिक्स आश्रमाची मुले गांधीजींच्या आधीच शांतिनिकेतनात येऊन राहिली होती. फेब्रुवारी १९१५ मध्ये गांधीजी तेथे पोहोचले, तोच गोखल्यांच्या निधनाची वार्ता आली आणि ते पुण्याला धावले. मार्चमध्ये परतल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे एक प्रस्ताव ठेवला : पगारी आचारी कशाला? स्वयंपाक, भांडी, झाडलोट सर्वांनी मिळून करावी. शिक्षकांना रुचत असेल तर रवींद्रनाथांची संमती होती. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर त्या वेळी तेथेच होते आणि या उद्योगात उत्साहाने सामील झाले. मोठमोठी भांडी घासणाऱ्यांचा शीण कमी व्हावा म्हणून काही विद्यार्थी जवळ बसून सतार वाजवीत, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. प्रयोग काही काळाने थांबला. सर्वांचा उत्साह सारखा टिकला नाही. परंतु त्याचा आरंभदिन, १० मार्च, ‘गांधी पुण्याह’ म्हणून पाळला जाऊ लागला. त्या दिवशी आचाऱ्यांना आणि सफाई करणाऱ्यांना सुटी, आणि त्यांची कामे विद्यार्थ्यांकडे व शिक्षकांकडे.

सकाळी झाडू वाटले गेले. गाणी सुरू झाली. ओडिया मित्राने आयुष्यात प्रथमच झाडू हाती घेतला होता आणि तो वाऱ्याच्या उलट दिशेने झाडत होता. उडालेली सारी धूळ त्याच्याच तोंडावर येत होती आणि तो आनंदाने खोकत होता. वर्ध्याकडचा मुलगा हातात झाडू घेऊन उभा राहिला. आधी पाण्याचा हलका शिडकावा करावा, वाऱ्याला पाठ द्यावी, मनगट सैल सोडावे, हे त्याला ठाऊक होते. लहानपणी आईच्या मागून पहाटेच्या बाजारपेठेत चालताना त्याने ते पाहिले होते. हाताला येत असलेली ती गोष्ट त्याच्याच्याने होईना. थोड्या वेळाने त्याने झाडू झाडाला टेकवून ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन दुपारपर्यंत बटाटे सोलले.

दुपारच्या पंगतीला वसतिगृहाचा झाडूवाला स्वच्छ धोतर नेसून आला होता. योगायोगाने तो याच्याच शेजारी बसला. जेवता जेवता त्याने अंगणाच्या कोपऱ्यांकडे एकदा नजर टाकली आणि हळूच म्हणाला, उद्या सगळे पुन्हा झाडावे लागेल. दोघेही हसले. इतरांना हसण्याचे कारण कळले नाही.

रात्री दिवा विझल्यावर ओडिया मित्राने विचारले, झाडू का ठेवलास? बराच वेळ उत्तर आले नाही. मग त्याने त्या उसन्या, अजून पुरत्या न मुरलेल्या भाषेत आईविषयी सांगितले. तू झाडू उचललास की ते पुण्य होते, तो म्हणाला. मी उचलला तर लोक म्हणतील, हाताला वळण आहे. कुणी काही बोलले नाही. अंधारात मणिपुरी मित्र उठला, त्याने मडक्यातले पाणी पेल्यात ओतले आणि न विचारता त्याच्या खाटेशी आणून ठेवले.

मे महिन्यात तो घरी गेला. जेवण झाल्यावर सवयीने आपले ताट उचलून मोरीशी बसला. वसतिगृहात हे रोजचे होते. आईने ते हातातून ओढून घेतले. “हेच शिकाले धाडलं होतं का तुले?” तिने विचारले. त्याने दहा मार्चची सारी हकिकत सांगितली : मोठ्या घरांची मुले झाडत होती, प्राध्यापक भांडी घासत होते, एका ब्राह्मणाच्या मुलाच्या केसांत धूळ भरली होती. तिने सारे मुकाट ऐकून घेतले. तिला ते खोटे वाटले नाही. तिला त्यात एकच गोष्ट उणी दिसली. “मंग त्यायच्या मायनं पाह्यलं का थे?”

गांधीजींच्या प्रयोगावर आणि त्याच्या मर्यादांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात तर त्या विचाराने पुढे वर्षानुवर्षे मुक्काम केला. परंतु या बाईचा प्रश्न निराळा होता. वसतिगृहात जे घडते ते घराच्या उंबऱ्याआत येते का, एवढेच तिला जाणायचे होते. चार भिंतींत, परमुलखात, परभाषेत माणूस जो मोकळेपणा शिकतो तो सुटीत पेटीबरोबर घरी नेतो की खाटेखाली ठेवून जातो, याचे उत्तर विद्यापीठाच्या अहवालात सापडत नाही.

जुलैत तो परतला तेव्हा त्याने हा प्रश्न खोलीत जसाच्या तसा सांगितला. बांकुड्याचा मित्र हसला. ओडिया मित्र हसला नाही. त्याने तो प्रश्न पुन्हा एकदा सांगायला लावला, आणि नंतर त्याविषयी अवाक्षरही काढले नाही.

ऑक्टोबरात पूजेच्या सुटीसाठी वसतिगृह रिकामे झाले. वर्ध्याकडच्या मुलाजवळ दुसऱ्यांदा घरी जाण्याइतके भाडे नव्हते. तो तेथेच राहिला. त्या ओसाड दिवसांत एके दुपारी पुरीकडचे एक पोस्टकार्ड आले. लिहिणाऱ्याची मातृभाषा ओडिया, वाचणाऱ्याची मराठी. पत्र बंगालीत होते, आणि त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. मजकूर चार ओळींचा. सकाळी अंगण झाडले. वाऱ्याला पाठ देऊन झाडले. आईने पाहिले. आजी दोन दिवस बोललेली नाही.

त्याने ते पोस्टकार्ड तीनदा वाचले. मग एक कोरे कार्ड घेऊन तो खाटेवर बसला आणि आईला पत्र लिहू लागला. तिला अक्षरओळख नव्हती. पत्र शेजारचे कुणीतरी वाचून दाखवणार होते, आणि म्हणून सारे काही नीट, सावकाश, कुणालाही कळेल असे लिहिणे भाग होते.