रेवस ते मांडवा
आमच्या खालापूरची पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहती असते. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, तेव्हापासून घाटमाथ्याच्या तलावांचं पाणी वीज करून तिच्यात उतरतं. पुढं ती धरमतरच्या खाडीला मिळते. त्या खाडीच्या मुखापासून, रेवसहून मांडव्यापर्यंत, एक दिवस काठाकाठानं चाललो. पलीकडं करंजा, लांबवर मुंबई, अलीकडं तिवरं आणि खारबंदिस्तीचे बांध. एका बांधावर एक म्हातारे बाबा चिखल लिंपत होते. म्हणाले, “दादा, भरतीनं बांध फुटला तं दोन-तीन पावसाले भात नाय.” आमचा बांध फुटला तर पाणी निघून जातं, त्यांचा फुटला तर समुद्र शेतात येतो. मग मांडव्यापर्यंत मुंबईकडं थोडं आणि बांधांकडंच जास्त बघत गेलो.