दादीचा आठवा हिस्सा

आमच्या दादीचं नेमकं वय किती, हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही. मतदार ओळखपत्रावर तिची जन्मतारीख १ जून १९३० अशी छापलेली आहे. ती तारीख फॉर्म भरणाऱ्याची. ज्याची जन्मतारीख माहीत नाही त्याला १ जून देऊन मोकळं व्हायचं, हा आपल्याकडचा जुना रिवाज. वय विचारलं की दादी म्हणायची, "वारल्यांनी लाल बावटा धरला ना, त्या साली माझ्या निकाहाची बोलणी चालली होती." म्हणजे १९४५. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेने उंबरगाव-डहाणू भागात वेठबिगारीविरुद्ध लढा उभा केला, ते वर्ष.

दादीचं माहेर उंबरगावचं. निकाह होऊन ती डहाणूला, मसोलीच्या घरी आली तेव्हा दोन्ही गावं एकाच ठाणे जिल्ह्यात होती. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि उंबरगाव गुजरातेत गेलं. तलासरीकडचा भाग इकडेच राहिला. दादी हसून सांगायची, "मी जागची हलले नाही. माझं माहेरच उठून गेलं." पुढे १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. घर तेच, चूल तीच, पत्ता मात्र पुन्हा बदलला. तिची बोलीही अशीच सरमिसळ होती. आमच्याशी मराठी, नमाजेनंतरच्या दुआ उर्दूत, भाजीवालीशी गुजराती. वाडीत कामाला येणाऱ्या वारली बायांशी त्यांच्याच बोलीत बोलायची. त्यांना चहा द्यायची तो घरातल्याच कपांतून. वेगळे कप तिने कधी ठेवले नाहीत.

दादाजींची चिकूची छोटी वाडी होती. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्यासाठी चिकूची परीक्षा म्हणजे दादीचं नख. झाडावरच्या फळाला ती हळूच ओरखडा काढायची. खाली हिरवं दिसलं तर "अजून राहू दे", पिवळसर दिसलं तर "उतरवा". घाई करून काढलेलं फळ पिकत नाही, नुसतं सुरकुततं, हे तिने आम्हाला लहानपणीच शिकवलं.

एक गोष्ट मात्र तिने फार उशिरा सांगितली. तिचे वडील गेले तेव्हा भावांनी एक कागद पुढे केला. हक्कसोडीचा. "बहिणीने जमीन घेतली तर माहेर तुटतं," असं सगळ्या बायकांनी समजावलं. दादीने अंगठा दिला. भाऊ होते तोवर ईदला चोळी-बांगडी येत राहिली. भाऊ गेले, भाच्यांनी घर विकलं आणि येणंजाणं आपोआप थांबलं. "जमीन सोडली माहेरासाठी. माहेरही गेलं, जमीनही गेली," एवढंच ती म्हणाली. आवाजात रडणं नव्हतं, म्हणून आम्हाला ते जास्त लागलं.

१९८८ साली दादाजींचा इंतकाल झाला. चाळिसावा झाल्यावर अब्बा आणि चाचा तसाच कागद घेऊन आले. दोन्ही फुफ्या सही करायला तयारही होत्या. दादी इद्दतीत होती, पांढरी ओढणी घेऊन खाटेवर बसलेली. तिने कागद मागून घेतला. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "सूरह निसामध्ये लेकीचा वाटा लिहिलाय. बेवेचा आठवा लिहिलाय. तुम्ही पाच वेळा नमाज पढता, मग हे खोडणारे तुम्ही कोण?"

त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. चाचा पुढे दोन वर्षं तिच्याशी नीट बोलले नाहीत. अब्बा बोलले, पण मान खाली घालून. अखेर सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं चढली. त्यात दादीचंही. तोवर ती कुणाची बायको, कुणाची आई, आमची दादी होती. तिचं खरं नाव आम्ही भावंडांनी पहिल्यांदा वाचलं ते त्या उताऱ्यावर. तिने ते आमच्याकडून तीन वेळा वाचून घेतलं. त्या आठव्या हिश्श्याच्या चिकूच्या पैशांतून आमच्या दोन्ही बहिणींचं कॉलेज झालं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीकडची माणसं थंडीत बाहेर झोपत होती. आम्ही दादीला मुंबईला नेऊ म्हटलं. तिने खाट अंगणात काढायला लावली आणि तस्बीह घेऊन बसली. "जमीन हलतेय, मी नाही." २०२० च्या जानेवारीत, फज्रच्या सुमारास, ती त्याच घरात गेली. मय्यतीला वाडीवरच्या वारली बाया आल्या होत्या. त्या अंगणात बसून आमच्यापेक्षा मोठ्याने रडल्या.

आता कबूल करायला हवं ते सांगतो. अब्बा २०१६ मध्ये गेले होते. त्यांच्या वाट्याची नोंद दादी असेपर्यंत कुणी काढली नव्हती. तिच्या चाळिसाव्यानंतर आम्ही तिघा भावांनी कागद तयार केला. होय, तोच. बहिणींचा हक्कसोड. कारणंही जुनीच होती. त्या सासरी सुखात आहेत, वाडी तुकड्यांत परवडत नाही. मोठी बहीण पेन घेऊन बसलीसुद्धा. धाकटीने फक्त विचारलं, "दादीने सही केली होती. तिचं माहेर राहिलं का?"

कुणालाच उत्तर देता आलं नाही. ज्या खाटेवर दादीने तो पहिला कागद हातात धरला होता, त्याच खाटेवर हा दुसरा पडला होता. धाकट्या भावाने तो उचलला आणि फाडला. सातबाऱ्यावर आता आम्हा पाचांची नावं आहेत. वाटे लहान झाले, हिशेबाची कटकट वाढली. चिकू उतरवायच्या दिवसांत बहिणी मसोलीला येतात. त्या पाहुण्या म्हणून येत नाहीत. धाकटी झाडाखाली उभी राहून फळाला नख लावते, खालचा रंग पाहते आणि आम्हाला सांगते, "अजून राहू दे."