लिहून घे, लिहून काढ

लातूरच्या ट्यूशन एरियात संध्याकाळी पोरांच्या हातात नोट्सच्या झेरॉक्स दिसतात. त्यांत इंग्रजीचा एक कागद बहुधा असतोच. डावीकडं गिव्ह अप, पुट ऑफ, लुक आफ्टर, ब्रेक डाऊन. उजवीकडं मराठी अर्थ. ज्या चिकाटीनं ही मुलं जीवशास्त्र पाठ करतात, त्याच चिकाटीनं हा कागदही पाठ करतात. पाठांतराला मी कमी लेखत नाही. लातूर-नांदेडच्या कितीतरी घरांतला पहिला डॉक्टर त्याच बळावर उभा राहिलाय. पण हा कागद काही केल्या टिकत नाही. परीक्षा झाली की पुसला जातो. वर्गात इंग्रजी शिकवताना मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते, कारण पोरांची मेहनत खरी असते.

सॅम्युएल जॉन्सननं 1755 साली आपला इंग्रजी कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच त्यानं हे ओळखलं होतं की क्रियापदाला मागून चिकटणारे हे बारके शब्द परक्या माणसाला सर्वांत जड जातात. आपल्याकडं त्यात आणखी एक भर पडते. आपला विद्यार्थी ‘पोस्टपोन’ सहज लिहितो, ‘पुट ऑफ’ला अडखळतो. ‘टॉलरेट’ त्याला येतं, ‘पुट अप विथ’ येत नाही. लॅटिनातून इंग्रजीत आलेले हे भारदस्त शब्द आपल्या तत्सम शब्दांसारखे असतात, बहुतेकदा एका शब्दाला एक ठरलेला अर्थ. पुस्तकातून इंग्रजी शिकणाऱ्याला ते आधी भेटतात. आणि मराठवाड्याला इंग्रजी पुस्तकातूनच भेटली. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. आमच्या आजोबांच्या पिढीनं शाळेत उर्दू गिरवली. पुढं मराठी शाळांत इंग्रजी आली ती पाचवीपासून, आणि पहिलीपासून यायला 2000 साल उजाडलं. ओसरीवर, चुलीपुढं, भांडणात ती आपण कधी ऐकलीच नाही. आणि ‘पुट’, ‘गेट’, ‘टेक’ यांचा संसार तर सगळा तिथलाच आहे.

पण क्रियापदाला दुसरा शब्द जोडून अर्थ वळवायची ही युक्ती आपल्याला परकी आहे, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. ‘लिही’ हे एक साधं क्रियापद घ्या. लिहून घे, लिहून दे, लिहून ठेव, लिहून काढ, लिहून टाक. लिहिण्याची क्रिया तीच, पण प्रत्येक वेळी तिची दिशा बदलते, हेतू बदलतो, बोलणाऱ्याचा सूरही बदलतो. ‘लिहून घे’त ऐकलेलं आपल्याकडं येतं, ‘लिहून दे’त ते दुसऱ्याकडं जातं, ‘लिहून टाक’मध्ये एकदाचं सुटायची घाई असते. ‘बोलला’ आणि ‘बोलून बसला’ यांत केवढा पश्चात्ताप भरलाय! व्याकरणाच्या तासाला आपण याला संयुक्त क्रियापद म्हणतो, दोन गुण मिळवतो आणि पुढं जातो. पुढच्या तासाला इंग्रजीचे सर येतात तेव्हा दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं कुणी सांगत नाही.

‘ईट’ आणि ‘ईट अप’ यांतला फरक शिकवायला मी आता मराठीच वापरते: खा, आणि खाऊन टाक. मग टेअर अप, युज अप, बर्न अप. फाडून टाक, वापरून टाक, जाळून टाक. ‘वर’ हा अर्थ इथं कुठंच नाही. काम तडीला गेलं, एवढंच तो ‘अप’ सांगतो. हे पोरांना क्षणात कळतं, कारण ते त्यांना आधीपासून कळत असतं. वर्गात देगलूर, बिलोली, धर्माबादकडची मुलं असली तर त्यांच्या तेलुगूतला ‘तिनेसेय्’ पुढं येतो. त्यातही शेवटी टाकण्याचंच क्रियापद दडलंय. उदगीर-निलंग्याच्या सीमेवरचं पोर कन्नडमध्ये ‘तिंदुबिडु’ म्हणतं, म्हणजे खाऊन ‘सोड’. मराठी एका कुळातली, तेलुगू-कन्नड दुसऱ्या कुळातल्या, पण शेजारानं सगळ्यांना एकाच वळणावर आणलं. कॉलिन मसिका या भाषाशास्त्रज्ञानं 1976 साली दक्षिण आशियाच्या भाषांमधलं साम्य दाखवताना या जोडक्रियापदांचाही आधार घेतला होता. तो अभ्यास आमच्या बाकांवर बसलेला असतो.

याच प्रश्नाकडं दुसऱ्या टोकाकडून पाहायचं तर मला वळिवडे आठवतं. कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे इथवर आलेली. पुढं त्यांतले कितीतरी जण इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात गेले आणि त्यांना उरलेलं आयुष्य इंग्रजीतच काढावं लागलं. त्यांच्या भाषेत पिणं म्हणजे ‘पिच’, आपल्या ‘पिणे’चंच दूरचं भावंड, आणि पिऊन टाकणं म्हणजे ‘विपिच’. आहार, विहार, प्रहार, संहार असे शब्द संस्कृत जशी घडवते, तसा पोलिश माणूस तो बारका तुकडा क्रियापदाच्या पुढं जोडतो. इंग्रज मागं सोडतो, आणि वाटलं तर मध्ये अख्खं कर्म बसवतो. आपण तिथं दुसरं क्रियापदच आणून उभं करतो. काम पुरं झालं की अर्धवट राहिलं, हे सांगायची निकड मात्र तिघांनाही सारखीच.

एक गोष्ट मला मनापासून खुपते. ‘काय करूलालास?’ हे आमच्याकडचं बोलणं. त्यात ‘लागणे’ हे क्रियापद झिजून झिजून क्रियापदाच्या अंगात मुरलंय, आणि आता फक्त चालू काम दाखवतं. शाळेत यालाच अशुद्ध म्हणून पोराचं तोंड बंद करतात. इंग्रजीच्या बोलीतली असलीच झीज मात्र आपण वहीत उतरवून घेतो, पाठ करतो. ज्या मुलाला आपल्या तोंडातल्या भाषेची लाज शिकवली, त्यानं दुसऱ्या भाषेचं तोंडचं रूप मोकळेपणानं कसं उचलायचं?

अर्थात घरच्या भाषेनं सगळी कुलुपं उघडत नाहीत. ‘गिव्ह अप’मध्ये देणं आहे, पण अर्थ सोडण्याचा. ‘टर्न द लाइट ऑफ’ चालतं, ‘टर्न ऑफ द लाइट’ही चालतं, पण ‘इट’ हे सर्वनाम आलं की ते मध्येच बसवावं लागतं. आपल्या जोडीत फार तर ‘सांगून तरी टाक’ इतकीच फट पडते. याला सवयच लागते, खूप ऐकणं लागतं. ‘पुट अप विथ’च्या तीन शब्दांत सोसण्याचा मागमूस नाही, अशी तक्रार एका मुलीनं केली. तिला मी मराठीत तोच अर्थ सांगायला सांगितलं. ती लगेच म्हणाली, ‘खपवून घेणं.’ मग आम्ही खपणं, खपवणं आणि घेणं असे तिन्ही फळ्यावर सुटे मांडले, आणि यांत सोसणं नेमकं कुठं आहे ते सगळा वर्ग मिळून शोधत बसला. तास संपला तरी तो वाद मिटला नव्हता. एका पोरानं ‘चालवून घेणं’ही पुढं केलं होतं, आणि त्याला उत्तर द्यायला मागच्या बाकावरचे दोघंतिघं उठून उभे राहिले होते.