आषाढापूर्वीचा ताळेबंद

ज्येष्ठ सरत आला की व्यापारी पेठांतून एक ठरलेली लगबग सुरू होते. गोदामाच्या पत्र्यांची छिद्रे बुजविली जातात, पोती जमिनीवरून उचलून फळ्यांवर रचली जातात, आणि विम्याच्या कागदात पुराचा धोका समाविष्ट आहे की नाही हे चष्मा लावून वाचले जाते. सांगलीच्या पेठेने २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षी कृष्णेचे पाणी दुकानांत शिरलेले पाहिले आहे. तेथे ही दक्षता कोणाला शिकवावी लागत नाही. मात्र ज्या देहाने पुढचे चार महिने गादीवर बसायचे, ओल्या रस्त्यांनी ये-जा करायची आणि पर्युषणात तपही करायचे, त्याची मोजदाद बहुधा कोणाच्या यादीत नसते.

वास्तविक जैन कुटुंबाला या तपासणीचे कारण इतरांहून अधिक आहे. पावसाळा हा आजारांचा ऋतू आणि चातुर्मास हा तपाचा काळ. दोन्ही हातात हात घालून येतात. उपवासांचा संकल्प करून मग डॉक्टरांकडे जाणे म्हणजे माल उधारीवर देऊन झाल्यावर गिऱ्हाइकाची पत विचारणे. रक्ताची तपासणी आषाढी चौमासी चौदसीच्या आधी व्हावी, म्हणजे कोणते व्रत झेपेल हे ठरविण्यास तिचा उपयोग होतो.

त्याच पेठेतील एका घाऊक किराणा व्यापाऱ्याच्या घरची गोष्ट या दृष्टीने सांगण्यासारखी आहे. मातोश्रींचे वय ६८. मधुमेह चौदा वर्षांचा, रक्तदाबाची गोळी त्याहून जुनी. पतीच्या निधनानंतरचे ते पहिले पर्युषण होते. दोघांनी मिळून अट्ठाई करायची असे आदल्या वर्षी ठरले होते. आता ती एकटीने पूर्ण करावयाची, असा त्यांचा निश्चय होता. सुनेने सुचविले, “बा, एकदा रक्त तपासून घेऊ या.” उत्तर आले, “तपासले की डॉक्टर नाही म्हणणार. मग विचारायचेच कशाला?”

या उत्तरात भीती सुईची नव्हती. अहवाल आला की व्रत हातातून जाईल, आणि व्रताबरोबर गेलेल्या माणसाला दिलेला शब्दही जाईल, अशी ती भीती होती. तिला हसण्याचे कारण नाही. तरीही व्यवहारात असे दिसते की ज्याला तूट असल्याचा संशय असतो, तोच साठ्याची मोजणी पुढे ढकलतो. आणि ढकलल्याने तूट कमी झाल्याचे उदाहरण कोणत्याही पेढीत सापडत नाही.

अखेर नातवाच्या आग्रहाने त्या तयार झाल्या. रोज चौविहार करणाऱ्यांना उपाशीपोटी रक्त देणे सोपे जाते, कारण सूर्यास्तापूर्वी जेवलेल्या माणसाचे बारा तास सकाळपर्यंत आपोआप भरतात. एचबीएवनसी ही चाचणी तर जेवूनही करता येते. ती मागील सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविते, म्हणून ज्येष्ठात केली असता तीत आमरसाचा सगळा हिशेब उतरतो. मातोश्रींचा आकडा ८.४ आला. त्याहून महत्त्वाचे निघाले ते क्रिएटिनिन : १.६. त्यांचे वय जमेस धरता मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, ३५ च्या आसपास भरत होती. ६० च्या खाली ती तीन महिने राहिली तर मूत्रपिंड दुबळे झाले असे समजतात. यातले काहीच त्यांना जाणवले नव्हते. हा अवयव फार उशिरा तक्रार करतो.

डॉक्टरांनी गोळ्यांच्या पट्ट्या मागवून पाहिल्या. एक ग्लिमेपिराइड होती. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, शरीराला इन्सुलिन सोडावयास लावते. उपवासात ती घेतली तर साखर एकाएकी उतरून घाम, थरथर आणि भ्रम होऊ शकतो. रात्री झोपेत झाले तर घरच्यांना कळतही नाही. दुसरी डॅपाग्लिफ्लोझिन. ती साखर लघवीवाटे बाहेर टाकते, सोबत पाणीही नेते. दीर्घ उपवासात तिच्यामुळे रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, आणि त्या वेळी साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसल्याने फसगत होते. पूर्वी उपवासाच्या दिवशी बा काय करीत, असे विचारता त्या म्हणाल्या, “गोळ्या डब्यात ठेवून देत असे.” किती दिवस, कोणत्या, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. अट्ठाईला डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला.

दोन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उपाश्रयात गेल्या आणि साध्वीजी महाराजांपुढे अहवालच ठेवला. महाराजांनी तो सुनेकडून समजावून घेतला. तपाचे भेद बारा आहेत, सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर. अनशन हा त्यांतील केवळ पहिला, याची त्यांनी आठवण दिली. पच्चक्खाणातच आगारांची सोय आहे, आणि तीव्र व्याधीत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची मोकळीक हा त्यांपैकीच एक आगार आहे, हेही सांगितले. मग डॉक्टरांच्या संमतीने ठरले ते असे : आठ दिवस बियासणे, दोन्ही बैठकांना बदललेल्या मात्रेची औषधे, ऊणोदरी, तूप आणि गोडाचा त्याग, आणि दुपारी स्वाध्याय. साखर मोजण्याचे यंत्र सुनेने उपाश्रयातही सोबत नेले.

ज्यांची तपासणी उत्तम आली त्यांनी अट्ठाई अवश्य करावी. पण पारण्याला मुगाचे पाणी ही जुनी रीत मोडू नये. आठ दिवस रिकाम्या असलेल्या शरीरावर गोडधोडाचा एकदम भार पडला तर रक्तातील क्षार घसरतात. पारण्याच्या समारंभात आग्रह करणाऱ्या नातलगांना हे कोणी तरी सांगावयास हवे.

घरातील पाण्याविषयी फार लिहावे लागू नये. श्वेतांबर परंपरेत उकळलेल्या पाण्याची मुदत उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार, तर चौमासात तीनच प्रहर धरतात. कावीळ आणि विषमज्वराच्या दिवसांत याहून नेमका नियम नाही. अडचण येते ती दुकानात, जेथे घरी पक्के पाणी पिणारा माणूस चहाच्या टपरीवरचा पेला तोंडाला लावतो.

डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. कुलर, कुंडीखालची बशी, ताडपत्रीच्या घडीत साचलेले पाणी आठवड्यातून एकदा रिकामे करून भांडे घासून कोरडे केले, तर डास जन्मतच नाही आणि पुढे फवारणीची हिंसाही टळते. यतना म्हणतात ती याहून वेगळी नसावी. ताप आल्यास पहिल्या पाच दिवसांत एनएसवन चाचणी उपयोगी पडते. तापावर पॅरासिटॅमॉल चालते. अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नये, रक्तस्राव वाढतो. व्यापाऱ्याची खरी चूक चौथ्या-पाचव्या दिवशी होते. ताप उतरतो, तो शटर उघडतो. आणि नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत पोटदुखी, वारंवार उलटी, ग्लानी अशी धोक्याची लक्षणे उद्भवू शकतात. अशा तापात उपवास पूर्ण करण्याचा हट्ट तर मुळीच नको.

पुराच्या पाण्यात मात्र सारे उतरतात, कारण वह्या आणि माल वाचवायचा असतो. त्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते, आणि पायाच्या भेगेतून लेप्टोस्पायरोसिस शिरतो. पाण्यातून बाहेर आल्यावर साबणाने पाय धुवावेत आणि प्रतिबंधक गोळीविषयी डॉक्टरांना लगेच विचारावे. पुढे आठ-पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्यांत वेदना, लाल डोळे दिसले तर ‘मी पाण्यात उतरलो होतो’ हे वाक्य रुग्णाने स्वतः सांगावे. हमाल मालकापेक्षा कितीतरी अधिक वेळ त्या पाण्यात उभे असतात. त्यांना दवाखान्यात कोण नेणार, हा प्रश्न पेठेत क्वचितच विचारला जातो. सांगलीच्या त्या व्यापाऱ्याने यंदा सहा जोड गमबूट आणले, पाच हमालांसाठी आणि एक स्वतःसाठी, आणि पाचही जणांच्या रक्ततपासणीचा खर्च दुकानाच्या खात्यावर लिहिला.